तडा जाणारच, पण पुढे काय?

‘कान झाक,’ मैत्रीण म्हणाली. मी झाकले नाहीत आणि फसले. ठाण्यातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला आणि काँक्रीटच्या बीमचे सरळ दोन तुकडे! 28 दिवस पाण्यात मुरलेला, 70 सेंटिमीटर लांब, 38 किलोंचा गडी अडीच टनांच्या आसपास गेला. आधी काही चाहूल नाही की काही नाही.

मैत्रीण सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिचा प्रोजेक्ट आहे स्टील फायबर काँक्रीट. म्हणजे सिमेंट, वाळू, खडीच्या मिश्रणात पोलादी तारांचे छोटे तुकडे टाकायचे. त्यांची टोकं आकड्यासारखी वळवलेली असतात. एका घनमीटरला साधारण 20 ते 40 किलो तारा लागतात. गणपतीच्या पीओपी मूर्तीत काथ्या घालतात ना, तीच युक्ती.

काँक्रीट दाबलं तर पहिलवान, ताणलं तर पापड. ताण सोसायची ताकद दाब सोसायच्या ताकदीच्या जेमतेम एक दशांश. बीम वाकला की वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. म्हणून लॅबमधल्या बीमला तडा खालूनच सुरू होतो.

दुसरा बीम तारांचा होता. पहिला तडा जवळपास तेवढ्याच वजनाला गेला. ‘मग फायदा काय?’ मी विचारलं. ‘थांब जरा.’ तडा रुंदावत गेला, पण बीम तुटेना. फटीत डोकावले तर तारा दोन्ही काठांना धरून होत्या. लोकलच्या दारात लटकलेल्याची बॅग आतल्याने धरून ठेवावी, तशा. तार उपसून निघायची तर तिचा आकडा आधी सरळ व्हावा लागतो, त्यातच जोर खर्च होतो.

या फरकाची किंमत आपल्याकडे कुणाला सांगायला नको. जुलै 2018 मध्ये अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग अचानक कोसळला. पुढच्याच महिन्यात कल्याणचा जुना पत्रीपूल बंद झाला, नवा जानेवारी 2021 मध्ये मिळाला. डोंबिवलीचा कोपर पूलही सप्टेंबर 2019 पासून दोन वर्षं बंद होता. या पुलांचा तारांशी संबंध नाही. पण ट्रॅफिकमध्ये अडकून आपण कितीही शिव्या घातल्या तरी वेळीच बंद केलेला पूल कुणाच्या अंगावर पडला नाही. आधी सांगून येणारा धोका परवडतो.

आमच्या गल्लीतला सिमेंटचा रस्ता वर्षभरातच तडकला. ‘तिथे तारा टाकल्या असत्या तर?’ मैत्रीण हसली. ‘खालची भर नीट दाबली नसेल, सांधे वेळेत कापले नसतील, पाणी मारलं नसेल, तर तारा काय करणार?’ शिवाय मिश्रण नीट झालं नाही तर तारांचे गोळे होतात. आणि घराच्या स्लॅबमधल्या सळया काढून त्याऐवजी तारा घालायच्या, असलं काही चालत नाही. रस्ते, गोदामांच्या जमिनी, बोगद्यांची अस्तरं, ही त्यांची खरी जागा.

जाता जाता तिने दिलेली टिप: घरात किंवा सोसायटीत तडा दिसला, तर बाजूला पट्टी धरून फोटो काढा, तारीख लिहा. महिन्याने पुन्हा मोजा. रुंदावत असेल तर पुट्टी भरून झाकू नका, स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा.