ठाणे अंमलदाराच्या टेबलावरचा कायदा

१ जुलै २०२४ रोजी भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली आणि पोलीस ठाण्यांत जुन्या-नव्या कलमांचे तक्ते हातोहाती फिरू लागले. ३०२चे १०३ झाले, ४२०चे ३१८, ४९८-अचे ८५. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे (एनसीआरबी) ‘संकलन’ अ‍ॅप मोबाइलवर आले. बंदोबस्त आणि रात्रपाळी सांभाळून हवालदारांनी नवे आकडे पाठ केले. त्यांच्या मेहनतीला मी नावे ठेवणार नाही. पण आकडे पाठ झाले की कायदा शिकवून झाला, ही समजूत या निमित्ताने पक्की झाली, आणि ती मला बोचते. कारण याच राज्यात, फार जुन्या काळात नव्हे, पोलीस शिपायाला आणि वकील नसलेल्या साध्या माणसाला कायदा निराळ्या रीतीने शिकवण्याची धडपड झाली होती. त्या दोन वाटा एकमेकींच्या अगदी जवळ आल्या आणि तिथेच विरल्या.

आधीचा इतिहास थोडक्यात उरकते. देशातल्या पोलिसांचा मूळ कायदा १८६१चा. १९०६ साली पुण्यात भांबुर्ड्याला पोलीस प्रशिक्षण शाळा निघाली, पुढे ती नाशिकला गेली. आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी ती हीच. पुढची कित्येक दशके कवायत, सलामी आणि पाठांतर यांत गेली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला टाटा समाजविज्ञान संस्थेचे प्रा. म. स. गोरे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पोलिसांना समाजही शिकवा, असे सांगितले. अहवाल आला आणि कपाटात गेला.

त्याच सुमारास, १९७२मध्ये, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. मथुरा खटला म्हणून तो देशाला माहीत आहे. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले, चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि १९८३मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. त्याच वर्षी पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या कोठडीतल्या स्त्रियांची दशा न्यायालयासमोर मांडली. अटक होताच पोलिसांनी जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवावे, असा आदेश निघाला. पोलीस आणि विधी साहाय्य यांची गाठ कागदावर तेव्हाच बांधली गेली होती. १९८४ साली टाटा संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तेव्हा पोलिसांच्या आवारात बिगरपोलीस माणसाला प्रथमच हक्काची खुर्ची मिळाली.

मी हे सगळे जवळून पाहिले ते २००५ ते २०१५ या दशकात. एका पोलीस प्रशिक्षण केंद्रात मी बाहेरून कायदा शिकवायला जात होते, आणि संध्याकाळी विधी स्वयंसेवकांचे वर्ग घेत होते. त्या दशकात वरून एकामागून एक गोष्टी येत होत्या. २००६मध्ये पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाश सिंह खटल्याचा निकाल लागला. २००९मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची विधी स्वयंसेवकांची योजना आली. अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक, कायद्याचे विद्यार्थी यांना अटक, जामीन, पोटगी, फिर्याद यांचे मूलभूत ज्ञान द्यायचे आणि त्यांनी ते वस्तीत न्यायचे, अशी ती कल्पना. २०१२च्या बालदिनी मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा लागू झाला. २०१३ साली तर वर्षभर पाठ्यक्रम बदलावा लागला. स्त्रियांवरच्या ठरावीक गंभीर गुन्ह्यांची फिर्याद न नोंदवणाऱ्या पोलिसालाच शिक्षा सांगणारे १६६-अ हे कलम दंड संहितेत आले. नोव्हेंबरमध्ये ललिता कुमारी खटल्यात पाच न्यायमूर्तींनी सांगितले की दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर तो नोंदवलाच पाहिजे.

मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो त्याच वर्षीच्या मे महिन्यातला आदेश. बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर न्यायालयाने सांगितले, हरवलेल्या मुलांच्या तक्रारींवर लक्ष ठेवायला पोलीस ठाण्यांत विधी स्वयंसेवक पाळीपाळीने बसवा. दिवसा मी ज्याला शिकवत होते आणि संध्याकाळी जिला शिकवत होते, ती दोघे आता एकाच टेबलाशी येणार होती.

आमचा वर्ग कसा चालायचा ते सांगायला हवे, कारण आता तो कुणाला आठवत नाही. पहाटेची पीटी, मग परेड, आणि जेवणानंतर ‘इनडोअर’. मुले दमलेली असायची. बहुतेक शेतकरी घरांतली, कितीतरी पदवीधर. त्यांच्यासमोर कलमे वाचण्यात अर्थ नव्हता. म्हणून एकाला ठाणे अंमलदार करायचे, दुसरा नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बाईचा जबाब द्यायचा, तिसरा तिच्याबरोबर आलेला स्वयंसेवक. बाई आधी रडते, मग सासूबद्दल बोलते, मग शेताबद्दल, आणि मूळ गोष्ट शेवटी सांगते. त्या बोलण्यातून गुन्हा शोधून, तिच्याच शब्दांत फिर्याद उतरवायची. एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून वाटेला लावायचे की गुन्हा दाखल करायचा? हद्द दुसऱ्या ठाण्याची असेल तर? यावर वर्गात कडाक्याचे वाद व्हायचे आणि झोप उडायची.

एक प्रश्न प्रत्येक तुकडीत यायचा: “मॅडम, साहेबच म्हणाले घेऊ नको, तर?” २०१३पूर्वी मी त्यांना धीर देत असे. नंतर कलम दाखवू लागले. कायद्याने शिपायालाही पाठीचा कणा दिला होता आणि तो त्यांना दिसत होता. २०१४मध्ये अर्नेश कुमार निकालाने सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत ऊठसूट अटक करण्यावर बोट ठेवले, तेव्हा अटकेची कारणे लिहिण्याचा सराव आम्ही असाच करून घेतला.

हे का टिकले नाही? याचे उत्तर देताना मी कुणाला सूट देणार नाही.

मुंबईवरच्या २६/११च्या हल्ल्यानंतर प्रशिक्षणाचे सगळे लक्ष शस्त्रांकडे गेले. ती गरज खरी होती. तुकाराम ओंबळे यांनी हातात काठी घेऊन कसाबला धरले आणि जीव दिला. त्यानंतर पोलिसाला चांगली शस्त्रे नकोत असे कोण म्हणेल? पण त्याची किंमत कायद्याच्या तासाने का चुकवायची? मी जिथे शिकवत होते तिथे बंदोबस्ताचा सराव आला की पहिला रद्द व्हायचा तो माझा तास. “शिपायाला एवढा कायदा कशाला, तो साहेबाला विचारेल,” हे वाक्य मी जबाबदार माणसांच्या तोंडून ऐकले आहे. साहेब रात्री दोन वाजता ठाण्यात नसतो. दारात आलेल्या माणसाला शिपाईच भेटतो.

वकिलांनीही कमी केले नाही. हे अर्धशिकलेले लोक आमची अशिले पळवतील, या भीतीने बाररूममध्ये स्वयंसेवकांची हेटाळणी झाली. ज्या बाईच्या खिशात बसभाड्याचे पैसे नाहीत ती त्यांची अशील कधी होणारच नव्हती. विधी महाविद्यालयांत विधी साहाय्य केंद्र म्हणजे एक पाटी, कुलूप लावलेली खोली आणि तपासणीपुरती भरलेली वही. ठाण्यात बसणाऱ्या स्वयंसेविकेला तर आधी खुर्ची मिळाली नाही, मिळाली तेव्हा काम मिळाले नाही, आणि मानधन महिनोन्‌महिने रखडले. माझ्या वर्गातल्या चांगल्या बायका एकेक करून निघून गेल्या. त्यांनी सोडले याचे दुःख आहे. त्यांना थांबवायला कुणी पुढे आले नाही याचा राग आहे.

आणि आता फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेली नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता तर पूर्वीपेक्षा जास्त मागते. कलम १७३ प्रमाणे हद्द न बघता फिर्याद घ्यायची. १०५ प्रमाणे झडती-जप्तीचे चित्रीकरण करायचे. सात वर्षे व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक पथकाची भेट घडवायची. कलम ३७ प्रमाणे अटक केलेल्यांची माहिती प्रत्येक ठाण्यात दर्शनी भागात लावायची. यातले एकही काम तक्ता पाठ करून होत नाही. समोरच्याचे ऐकून, समजून, सरळ लिहिणारा माणूस त्याला लागतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. भरती झालेला शिपाई आणि विधी स्वयंसेवक यांचे काही वर्ग एकत्र घ्या. परीक्षेत कलमाचा आकडा विचारू नका. तोंडी सांगितलेली हकिगत ऐकवा आणि फिर्याद लिहून घ्या. बंदोबस्तासाठी कायद्याचा तास रद्द करण्याची मुभा काढून टाका. स्वयंसेवकाचे मानधन वेळेवर द्या आणि त्याची खुर्ची ठाणे अंमलदाराच्या शेजारी ठेवा. ऐकून फिर्याद लिहायला शिकवणे आपण एकदा करून पाहिले आहे आणि ते जमत होते. संहितेचे नाव न्याय ठेवले म्हणून न्याय होत नाही. तो फिर्यादीच्या पहिल्या ओळीपासून शिकवावा लागतो, आणि ते शिकवणे आपण थांबवले आहे.