मजकूर आणि त्याचा पेहराव

१९९८ सालीं प्रमाण ठरलेल्या एक्सएमएल पद्धतींत लिहिणारा आपल्या खुणा आपणच ठरवितो. पुस्तकांच्या यादींत ‘नांव’, ‘किंमत’ अशा. पण ‘किंमत’ ठळक दाखवावी कीं बारीक, हें ब्राउझरास कोठून कळावें? तो खुणांसकट उघडा मजकूर मांडतो. म्हणून दस्तऐवजाच्या शिरोभागीं शैलीपत्रकाचा पत्ता सांगणारी ओळ घालतात. ही रीत १९९९ सालीं प्रमाण झाली. सीएसएस शैलीपत्रक केवळ पेहराव चढवितें. त्याला दुवा निर्माण करतां येत नाहीं. एक्सएसएलटी मात्र मजकुराचें एचटीएमएलमध्यें रूपांतर करून दाबतां येणारा दुवाही घडवितें. परंतु २०२५ सालीं क्रोमच्या चालकांनीं एक्सएसएलटीचा आधार काढून घेण्याचा बेत जाहीर केला. तो अमलांत आल्यास त्यावर विसंबलेलीं पानें तेथें उघडीं पडतील. मजकूर मात्र शाबूत राहील. पेहराव निराळा ठेवण्याचें मर्म तें हेंच.