टूडी सिनेमा थ्रीडी कसा होतो? नार्नियाचं जहाज, मुंबईचे आर्टिस्ट आणि तुमचा पोर्ट्रेट मोड

सी. एस. लुईस यांच्या सात पुस्तकांच्या 'नार्निया' मालिकेवरचे सिनेमे तुमच्यापैकी अनेकांनी टीव्हीवर पाहिले असतील. त्यातला तिसरा भाग, 'द व्हॉएज ऑफ द डॉन ट्रेडर', डिसेंबर २०१० मध्ये आला आणि थिएटरात थ्रीडीमध्येही लागला. गंमत म्हणजे तो शूट झाला होता साध्या टूडीमध्ये. नंतर त्याचा थ्रीडी केला प्राइम फोकस या मूळच्या मुंबईच्या कंपनीने.

मी संगमनेरचा. गावाकडची पोरं बारावी झाली की मला हमखास विचारतात, "दादा, व्हीएफएक्सचा कोर्स करू का?" उत्तर देण्याआधी हे काम नेमकं काय असतं ते बघू.

आधी एक प्रयोग

हात लांब करून अंगठा समोर धरा. एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा. अंगठा इकडून तिकडे उडी मारतो, पण लांबचं झाड जवळजवळ जागेवरच राहतं. आपल्या दोन डोळ्यांमध्ये साधारण सहा-साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं, म्हणून प्रत्येक डोळ्याला थोडं वेगळं चित्र दिसतं. या फरकावरून मेंदू अंतर ओळखतो.

टूडी सिनेमात चित्र एकच असतं. म्हणजे दुसऱ्या डोळ्याचं चित्र कुणीतरी बसून तयार करावं लागतं.

ते कसं करतात?

१. रोटो: फ्रेममधली प्रत्येक गोष्ट कडेकडेने रेष मारून वेगळी करायची. माणूस वेगळा, शीड वेगळं, दोरखंड वेगळा.

२. डेप्थ मॅप: कोण जवळ, कोण लांब हे सांगणारं काळं-पांढरं चित्र बनवायचं. सहसा जवळचं पांढरं, लांबचं काळं.

३. सरकवणं: त्या मॅपप्रमाणे वस्तू आडव्या सरकवायच्या. अंगठ्याचा नियम इथेही लागू: जितकी जवळ, तितकी जास्त सरकणार.

४. पेंट: वस्तू सरकली की तिच्यामागे भोक पडतं. तिथे आधी काहीच दिसत नव्हतं, म्हणून ते रंगवून भरायचं.

आता हिशोब करा. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम. दोन तासांचा सिनेमा म्हणजे १,७२,८०० फ्रेम! सॉफ्टवेअर मधल्या फ्रेममध्ये मदत करतं, पण उडणारे केस, पाण्याचे तुषार, शिडाच्या दोऱ्या इथे माणसाचा डोळा आणि हातच लागतो. घाई केली तर माणसं पुठ्ठ्यातून कापून उभी केल्यासारखी दिसतात. त्याच वर्षी आलेल्या 'क्लॅश ऑफ द टायटन्स'चं थ्रीडी रूपांतर असंच घाईत झालं होतं आणि त्याला सगळीकडून नावं ठेवली गेली.

हेच तुमच्या फोनमध्ये

पोर्ट्रेट मोड काय करतो? माणूस कापतो, अंतर ओळखतो आणि मागचं धूसर करतो. म्हणजे वरच्या चारपैकी पहिल्या दोन पायऱ्या! २०१६ च्या आयफोन ७ प्लसने दोन कॅमेऱ्यांचा दोन डोळ्यांसारखा वापर केला. २०१७ च्या पिक्सेल २ ने मागच्या एकाच कॅमेऱ्यावर, मशीन लर्निंगच्या मदतीने तेच जमवलं.

त्याची परीक्षा घ्यायची असेल तर मित्राला तुरे आलेल्या उसापुढे उभं करा आणि वारा असताना पोर्ट्रेट काढा. फोटो झूम करून केसांच्या कडा आणि चष्म्याची काच बघा. जिथे फोन गडबडतो, साधारण तिथेच रोटो आर्टिस्टचाही घाम निघतो.

मग कोर्स करायचा का?

खरं सांगायचं तर धोका इथेच आहे. रोटो हे या धंद्यातलं शिकाऊ पोरांचं काम आणि नेमकं तेच काम एआय झपाट्याने शिकतंय. मेटाने २०२३ मध्ये आणलेलं 'सेगमेंट एनीथिंग' मॉडेल एका क्लिकवर वस्तू वेगळी करून देतं. दुसरीकडे फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर हा मोठा व्हीएफएक्स समूह कोलमडला आणि त्याचा भारतातला कारभारही बंद पडला. म्हणून "१०० टक्के प्लेसमेंट"चा फ्लेक्स बघून घरच्यांना कर्ज काढायला लावू नका. आधी एवढं करा:

- ब्लेंडर किंवा डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती घ्या. स्वतःचा लॅपटॉप नसेल तर मित्राचा, नाहीतर कॉलेजच्या लॅबमधला कॉम्प्युटर चालेल.
- फोनवर पाच सेकंदांचा व्हिडिओ काढा. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर १५० फ्रेम होतात.
- चालणारा माणूस हाताने रोटो करा. जमलं तर मागचं दृश्य बदलून बघा.
- क्लासवाल्यांना विचारा: रोटोच्या पुढे कंपोझिटिंग, लायटिंग, थोडं पायथन शिकवता का? मागच्या बॅचची पोरं कुठे लागली? त्यातल्या दोघांशी स्वतः फोनवर बोला.

त्या १५० फ्रेम संपवताना कंटाळा आला, तर लाखभर रुपये वाचले असं समजा. आणि रात्रीचे दोन कधी वाजले ते कळलंच नाही, तर घरी विषय काढायला हरकत नाही. तेव्हा हातात दाखवायला तुमचं स्वतःचं काम असेल.