मेद, रक्तवाहिन्या आणि औषधाची परीक्षा

गेल्या महिन्यांत बुलढाण्यास माझ्या घरीं एक जुना विद्यार्थी आला. बाजारांत त्याचें किराणा दुकान आहे. दिवसभर गादीवर बसून त्याचें अंग सुटलें आहे. त्यानें पिशवींतून एक बाटली काढून माझ्यापुढें ठेवली. या औषधानें मेद झडतो व रक्तवाहिन्या पुन्हां तरुण होतात, असें तिच्यावर लिहिलें होतें; खालीं 'परीक्षित' असा शब्द ठळक छापला होता. "गुरुजी, वडील हृदयविकारानें गेले. हें घेऊं का?" असें त्यानें विचारलें. मी वैद्य नव्हे. पण परीक्षा घेण्यांत माझा जन्म गेला. म्हणून त्या एका शब्दापाशींच मी थांबलों, आणि आज त्याच्याविषयींच आपणांशीं बोलणार आहें.

प्रथम रक्तवाहिनी म्हणजे काय तें पाहूं. आपण तिला नळ समजतों. पण नळ निर्जीव असतो, रक्तवाहिनी सजीव असते. तिच्या आंतील बाजूस पेशींचा एकच पातळ थर असतो. हा थर शाबूत असेल तरच विशिष्ट द्रव्याची सूचना मिळतांच वाहिनी सैल पडते, आणि तो खरवडून काढला तर तसें होत नाहीं, हें अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांनीं १९८० सालीं दाखविलें. थराकडून हा निरोप नेणारा पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड नांवाचा वायु, असें पुढें ठरलें. आणि १९९८ चें नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नारो व मुराद या तिघांना मिळालें. पोटांत फाजील मेद झाला म्हणजे तो नुसता पडून राहत नाहीं. त्यांतून दाह वाढविणारीं द्रव्यें रक्तांत उतरतात, इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो, आणि या थराची नायट्रिक ऑक्साइड निर्माण करण्याची शक्ति मंदावते. वाहिनी ताठर होते व तिच्या भिंतींत चरबी सांचूं लागते.

आपल्या लोकांनीं येथें विशेष सावध असावें. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं 'लॅन्सेट' पत्रांत स्वतःचींच मापें छापलीं. वजन व उंची यांवरून काढलेला निर्देशांक दोघांचाही २२.३ होता, परंतु अंगांतील चरबी युडकिन यांची शेंकडा ९.१, तर याज्ञिक यांची शेंकडा २१.२ निघाली! म्हणजे कांटा सारखाच, पण आंतील हिशेब निराळा. यासाठींच भारतीयांच्या बाबतींत हा निर्देशांक ३० ऐवजीं २५ झाला कीं लठ्ठपणा मानतात, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरांपुढें गेल्यास धोक्याचा समजतात.

आतां औषधाचा गुण तपासावयाचा कसा? एक रीत १९९२ सालीं लंडनच्या संशोधकांनीं प्रसिद्ध केली. हातावर रक्तदाबाचा पट्टा सुमारें पांच मिनिटें आवळून ठेवावयाचा व मग एकदम सोडावयाचा. रक्ताचा लोंढा येतो. थर निरोगी असेल तर दंडांतील रोहिणी रुंदावते, आणि ती किती रुंदावली हें ध्वनिलहरींच्या यंत्रानें मोजतां येतें. औषधापूर्वीं व औषधानंतर हें माप घ्यावें. रीत उत्तम आहे. पण ही शाळेंतील घटक-चाचणी झाली, वार्षिक परीक्षा नव्हे. माप सुधारलें म्हणून हृदयविकाराचा झटका टळलाच, असें होत नाहीं.

याचा धडा सिब्युट्रामीन नांवाच्या औषधानें दिला. त्यानें वजन खरोखरच उतरत असे. पण हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्या सुमारें ९,८०० लोकांवर कित्येक वर्षें प्रयोग झाला, तेव्हां झटका, पक्षाघात इत्यादि आपत्ति औषध घेणारांत शेंकडा ११.४ व न घेणारांत शेंकडा १० आढळल्या. २०१० सालीं तें अमेरिकेच्या बाजारांतून गेलें. २०११ सालीं भारतानेंही त्यावर बंदी घातली. उलट उदाहरण सेमाग्लुटाइडचें. हृदयरोग असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या १७,६०४ स्थूल व्यक्तींवरील प्रयोगाचा निकाल २०२३ सालीं आला. अशाच आपत्ति औषध घेणारांत शेंकडा ६.५, इतरांत ८ झाल्या. मात्र त्रास होऊन औषध सोडणारे शेंकडा १६.६ होते, दुसऱ्या गटांत ८.२. दोन्हीं औषधांनीं वजन उतरलें. एकानें अपाय केला, दुसऱ्यानें उपकार. कांट्यावर उभें राहून हा भेद कोणास कळला असता?

या दोन्हीं प्रयोगांत 'न घेणारे' म्हणजे रिकामे बसलेले लोक नव्हेत. कोणास खरें औषध व कोणास तसेंच दिसणारें निर्गुण औषध द्यावयाचें हें दैवावर सोपविलें होतें, आणि तें रोग्यास व तपासणाऱ्या डॉक्टरांस, दोघांसही ठाऊक नव्हतें. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर नांव नसून क्रमांकच असतो, तो कां? परीक्षकाचें मन चांगलें असलें तरी ओळखीच्या मुलाला अर्धा गुण अधिक पडतोच. आशा हीही एक ओळखच आहे. ती झांकून ठेवावी लागते.

म्हणून त्या विद्यार्थ्यास मीं पांच प्रश्न लिहून दिले. परीक्षा किती लोकांवर झाली? किती काळ? तुलना कोणाशीं केली? मोजलें काय, नुसतें माप कीं झटके व मृत्यु? आणि प्रयोगाची नोंद कोठें आहे? भारतांत अशा प्रयोगांची सार्वजनिक नोंदवही २००७ पासून आहे. ती कोणासही पाहतां येते.

बाटलीवर यांपैकीं एकाचेंही उत्तर नव्हतें. त्यानें ती पुन्हां पिशवींत घातली. दुसऱ्या दिवशीं तो डॉक्टरांकडे गेला, तेव्हां रक्तदाब बराच चढलेला निघाला, आणि त्याला आजवर त्याची कल्पनाही नव्हती. आतां गोळी नियमित चालू आहे, आणि सकाळीं दुकान उघडण्यापूर्वीं तो तासभर चालतो. जातांना माझ्या दारावरून जातो व मला हांक मारतो. मीही काठी घेऊन निघतों.