काखेत कळसा, फाईलला वळसा

मुदत ठेवीचे व्याज प्रमाणपत्र मोबाईलवर उतरवून घेतलेले आहे. प्राप्तिकर विवरणपत्राच्या इतर कागदांसोबत ते संगणकात ठेवावयाचे आहे आणि संगणक समोरच्याच मेजावर आहे. अंतर फार तर दोन हातांचे. तरीही बहुतेक घरांत ते प्रमाणपत्र स्वतःच स्वतःला ई-मेलने पाठविले जाते किंवा व्हॉट्सॲपवरून मुलाकडे जाते आणि मुलगा ते संगणकावर उघडून देतो. म्हणजे फाईल दूरच्या कुठल्याशा सर्व्हरवर चढते आणि तेथून पुन्हा त्याच खोलीत उतरते. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

या वळशात खर्च होणारा वेळ व डेटा ही किरकोळ बाब झाली. खरी अडचण मागे राहणाऱ्या प्रतींची आहे. एक प्रत पाठविलेल्या ई-मेलमध्ये, दुसरी आलेल्या ई-मेलमध्ये, तिसरी मुलाच्या फोनवर. पुढे कधी ई-मेलचा पासवर्ड परक्या हाती पडला, तर त्या व्यक्तीला 'पॅन' किंवा 'आधार' एवढाच शब्द शोधावा लागतो. सारी कागदपत्रे ओळीने समोर येतात.

जवळचा मार्ग मात्र जुनाच आहे. ब्लूटूथ तंत्राचे काम १९९४ साली एरिक्सन कंपनीत सुरू झाले. त्याला नाव मिळाले दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हॅरल्ड ब्लूटूथ याचे. या राजाने विखुरलेल्या टोळ्या एकत्र आणल्या होत्या. त्याच्या आद्याक्षरांच्या प्राचीन रून लिपीतील आकृत्या जोडूनच ते परिचित निळे चिन्ह बनले आहे. हे तंत्र २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, एकाच वाहिनीवर न थांबता, सेकंदाला १,६०० वेळा वाहिनी बदलत चालते. गती मात्र बेताची, सुमारे २ मेगाबिट. खातेउताऱ्याची लहान पीडीएफ क्षणात जाईल. पण लग्नाची १०० मेगाबाइटची चित्रफीत पाठविण्यास सहा-सात मिनिटे सहज लागतील. आणखी एक लहानशी गोष्ट अनेकांना अडविते. विंडोज संगणकावर ब्लूटूथच्या चिन्हातून 'फाईल स्वीकारा' हा पर्याय आधी निवडावा लागतो. तसे न करता मोबाईलवरून फाईल पाठविली की ती अर्ध्यावरच नाकारली जाते आणि दोष बिचाऱ्या मोबाईलला मिळतो.

मोठ्या फायलींसाठी वाय-फाय अधिक सोयीचे. येथे ब्लूटूथ फक्त शेजारचे यंत्र शोधून देते आणि प्रत्यक्ष फाईल वाय-फायच्या लहरींवरून जाते. त्यासाठी इंटरनेट असावेच लागते असे नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अँड्रॉइड फोनवर ही सोय 'क्विक शेअर' या नावाने असते आणि विंडोजसाठीही तिची आवृत्ती मिळते. आयफोन व मॅक यांच्यामध्ये हेच काम 'एअरड्रॉप' करते.

या सोयी हाताशी नव्हत्या, त्या काळात शेअरइट आणि झेंडर ही ॲप घरोघरी पोहोचली होती. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ अन्वये ५९ ॲपवर बंदी घातली. त्यांत ही दोन्ही होती. कागद स्कॅन करण्यासाठी वापरले जाणारे कॅमस्कॅनरही होते. जुन्या फोनमध्ये ती अद्याप पडून असल्यास काढून टाकलेली बरी.

जवळचा मार्ग झाला म्हणून दार सताड उघडे ठेवावे असे नाही. 'सर्वांना दिसावे' ही निवड काम संपताच बंद करावी; रेल्वे स्थानकावर किंवा प्रतीक्षालयात तर अवश्य. अनोळखी नावाने आलेली फाईल स्वीकारू नये. फाईलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी अक्षरे असल्यास ती कागदपत्र नसून फोनमध्ये ॲप बसविणारी फाईल असते. बँकेचे पत्र किंवा वाहतूक दंडाची पावती भासवून अशाच फायली पाठविल्या जातात आणि खाते रिकामे होते. असे घडलेच, तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे आणि आपल्या शाखेलाही.

एका ठिकाणी मात्र बिनतारी मार्गही पुरेसा पडत नाही. ते म्हणजे कोपऱ्यावरचे छपाईचे दुकान. फाईल कशीही पाठविली तरी तिची प्रत दुकानाच्या संगणकात उरतेच. म्हणून जेथे चालत असेल तेथे आधारची शेवटचे चारच अंक दाखविणारी प्रत न्यावी. छपाई झाल्यावर दुकानदाराला सांगून फाईल 'डाउनलोड्स'मधून व नंतर 'रिसायकल बिन'मधूनही काढून घ्यावी. दुकानाच्या क्रमांकावर व्हॉट्सॲप केले असल्यास तो संदेशही समोरच पुसून घ्यावा. दुकानदार सहसा नाही म्हणत नाही; फक्त विचारण्याचा संकोच तेवढा सोडावा लागतो.