बांधावरचा वाख आणि कॉस्टिकचं पाणी

माण-खटाव असो की जत-आटपाडी, पावसाने दगा दिला तरी बांधावरचा घायपात तग धरतो. मूळचा मेक्सिकोकडचा, पण इथे रुळला. त्याची पानं कापायची, पाण्यात कुजवायची, बडवून गर धुऊन काढायचा, की हाती येतो पांढुरका वाख. शंभर किलो पानांतून जेमतेम तीन-चार किलो. त्याचे कासरे, दावी, नाडे वळायची कारागिरी मातंग समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. मोटा गेल्या, नायलॉन आलं आणि तिला गिऱ्हाईक उरलं नाही.

या वाखाला आता दुसरं काम आहे: प्लास्टिकला बळ देण्याचं. या कामाला सहसा काचतंतू वापरतात; त्याची घनता घन सेंटिमीटरला अडीच ग्रॅम, वाखाची दीडच्या आत, म्हणून वस्तू हलकी होते. मर्सिडीजने 1990 च्या दशकातच मोटारीच्या आतल्या भागांत वनस्पतींचे धागे वापरले.

अडचण एकच, पण मोठी. धागा पाणी ओढतो, प्लास्टिकला पाण्याचं वावडं. दोघांचं जमत नाही. कच्चा वाख रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या द्रव प्लास्टिकमध्ये, बसवून केलेली पट्टी ताणून तोडली, तर तुटल्या जागी धागे अख्खेच्या अख्खे उपसून आलेले दिसतात आणि मागे नुसती भोकं राहतात. रेझिनने धाग्याला धरलेलंच नसतं. यावर उपाय कॉस्टिक सोड्याचा. पाचेक टक्क्यांच्या द्रावणात वाख काही तास भिजवला की मेण, हेमिसेल्युलोज आणि थोडं लिग्निन सुटतं, पाणी पिवळट-तपकिरी होतं. मग भरपूर धुवायचं, सौम्य ॲसेटिक आम्लाने उरलेला अल्कली मारायचा, सुकवायचं. धागा खरबरीत होतो, इपॉक्सी रेझिन त्यात रुततं. आता पट्टी तोडली तर बरेच धागे जागच्या जागी तुटतात. मात्र द्रावण जास्त कडक झालं, तर सेल्युलोजच दुबळं होतं. कॉस्टिकची ही रीत म्हणजे जॉन मर्सरने सुतासाठी 1850 मध्ये पेटंट घेतलेल्या प्रक्रियेचाच अवतार.

मर्यादाही आहेत. सुमारे 200 अंशांपुढे धागा करपू लागतो, आणि प्रक्रियेनंतरही ओल थोडी शिरतेच. कॉस्टिकचं मळकं पाणी तर शुद्ध केल्याशिवाय कृष्णेत जाताच कामा नये.

या भागात अभियांत्रिकी महाविद्यालयंही आहेत: सांगलीचं वालचंद 1947 चं, कराडचं शासकीय 1960 चं. तिथल्या विद्यार्थ्यांनो, वाखावरच्या प्रकल्पासाठी वाख दुकानातून मागवू नका. जतला जा, दोर वळणाऱ्यालाच विचारा: पान किती जून, किती दिवस कुजवलं? आणि त्याला रास्त दाम द्या.