बंदूक अंगाला बसणे : दुनळीची बेतणी, ट्रॅप नेमबाजी आणि मराठी शब्द

१. विषयाची मर्यादा

बंदुकीचा विषय निघाला की मराठी भाषकाच्या तोंडी पहिला शब्द येतो तो 'नेम'. नेम धरावा, नेम साधावा, नेम चुकू नये, असे आपण सहज बोलतो. रायफल आणि पिस्तूल या शस्त्रांपुरते हे बोलणे यथार्थ आहे. छऱ्याच्या बंदुकीला मात्र ते लागू पडत नाही, आणि जुनी दुनळी बंदूक हाती घेऊन उडते लक्ष्य टिपू पाहणारा नवशिका पुष्कळदा या एका शब्दामुळेच चुकतो. छऱ्याच्या बंदुकीत नेमापेक्षा बंदूक अंगाला 'बसणे' अधिक महत्त्वाचे असते. ती कशी बसते, कशी बसवावी आणि त्यासाठी लागणारे शब्द मराठीत कोठे सापडतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विषय वरकरणी परका वाटला तरी जळगाव-धुळे परिसराला तो परका नाही. १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारली, तेव्हा तिरकामठा चालविणाऱ्या समाजातील तरुणांच्या हाती कवायती बंदूक आली. पुढे १८७८ च्या शस्त्र कायद्याने बंदूक परवान्याच्या चौकटीत बांधली गेली. स्वातंत्र्यानंतर तिची जागा १९५९ च्या कायद्याने घेतली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा मार्ग बंद होत गेला. आजोबांची दुनळी ज्यांच्याकडे वारशाने आणि रीतसर परवान्याने आली आहे, त्यांच्यापुढे तिचा निर्दोष असा एक उपयोग उरतो. तो म्हणजे मान्यताप्राप्त मैदानावर मातीच्या चकत्या फोडण्याचा खेळ. हा खेळ जुन्या बंदुकीने खेळता येतो. मात्र ती खेळणाऱ्याच्या मापाची असली पाहिजे.

२. 'ट्रॅप' म्हणजे काय

'ट्रॅप' या शब्दाचे 'सापळा' असे भाषांतर केल्यास अर्थाचा अनर्थ होतो. इंग्लंडात पूर्वी जिवंत कबुतरे लहान पेट्यांत कोंडून ठेवीत व दोरी ओढताच पेटी उघडून पक्षी उडे. त्या पेटीचे नाव खेळाला चिकटले. नेमबाज आजही लक्ष्य मागताना 'पुल', म्हणजे 'ओढ', असे म्हणतो, ते त्या दोरीमुळेच. १८८० मध्ये अमेरिकेतील जॉर्ज लिगोस्की याने भाजलेल्या मातीची चकती काढली आणि कबुतरांची हळूहळू सुटका झाली. आजची चकती डांबरासारखा चिकट पदार्थ व चुनखडीची भुकटी यांची असते. तरी 'क्ले', म्हणजे माती, हे नाव टिकून आहे. वस्तू बदलते आणि शब्द मागे राहतो, याचे हे चांगले उदाहरण होय. लक्ष्य सोडणारे यंत्र आता ध्वनिग्राहकाने चालते. त्याला कोणताही स्पष्ट आवाज पुरतो. 'ओढ' म्हटले तरी चकती सुटेल.

ऑलिंपिक ट्रॅपमध्ये नेमबाजांच्या पुढे १५ मीटरवर खंदकात १५ यंत्रे असतात. चकती ११० मिलिमीटर व्यासाची, १०५ ग्रॅम वजनाची. ती उजवीकडे वा डावीकडे ४५ अंशांपर्यंत वळून सुमारे ७६ मीटर जाईल अशा वेगाने सुटते. काडतुसात फार तर २४ ग्रॅम छरा, म्हणजे सुमारे ३०० दाणे. पहिला बार सुटेपर्यंत नेमबाजाजवळ एक सेकंदही नसतो. 'डाउन द लाइन' हा इंग्लंडातील प्रकार त्या मानाने सौम्य आहे. त्यात एकच यंत्र असते. पहिल्या बाराला ३ व दुसऱ्याला २ गुण मिळतात. जुन्या दुनळीचा आनंद घेऊ इच्छिणाऱ्यास तो अधिक मानवतो.

३. नेम आणि रोख

'नेम' हा शब्द संस्कृत 'नियम' याचे रूप. व्रत, ठरलेली गोष्ट आणि लक्ष्यावर स्थिर केलेली दृष्टी हे तिन्ही अर्थ त्यात आहेत. 'नेमका', 'नेमणूक' हे शब्दही त्याच कुळातले. स्थिरता हा या शब्दाचा प्राण आहे. रायफलीला मागे एक व पुढे एक अशा दोन दर्शिका असतात. डोळा, दोन दर्शिका व लक्ष्य एका रेषेत आणून श्वास रोखायचा आणि चाप दाबायचा, हा खरोखरच नेम आहे. मराठी नेमबाजांची कीर्तीही या क्षेत्रातली. अंजली भागवत, सुमा शिरूर व तेजस्विनी सावंत रायफलीच्या, तर राही सरनोबत पिस्तुलाच्या. २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळविणारा कोल्हापूरचा स्वप्निल कुसाळे पुन्हा रायफलीचाच. छऱ्याच्या बंदुकीतील भारताची मोठी नावे इतर प्रांतांतली आहेत. १९६२ च्या कैरो येथील जागतिक स्पर्धेत ट्रॅपचे रौप्यपदक मिळविणारे बिकानेरचे करणीसिंह, २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये डबल ट्रॅपचे रौप्यपदक मिळविणारे राज्यवर्धनसिंह राठोड आणि २००६ मध्ये झाग्रेब येथे ट्रॅपचा जगज्जेता ठरलेला मानवजितसिंग संधू, ही त्यांतली प्रमुख.

छऱ्याच्या बंदुकीला मागची दर्शिका नसतेच. नळीच्या टोकाशी एक बारीक मणी असतो. त्याला आपल्याकडे 'माशी' म्हणतात. मागच्या दर्शिकेचे काम प्रत्यक्ष नेमबाजाचा डोळा करतो. उडत्या चकतीवर नेम धरू गेल्यास हात थांबतो, आणि हात थांबला की चकती निसटते. येथे हवी ती क्रिया 'रोखणे' ही होय. आपण बंदूक रोखतो, नजर रोखतो. बोलण्याचा 'रोख' कोणाकडे आहे तेही ओळखतो. फारसी 'रुख' म्हणजे चेहरा, दिशा. चेहरा जिकडे वळेल तिकडे नळी वळावी, हे छऱ्याच्या बंदुकीचे सारे तंत्र या एका शब्दात साठलेले आहे.

हे तंत्र आपल्या शेताशिवारात अपरिचित नाही. ज्वारी-बाजरीच्या राखणीला उभा असलेला माणूस गोफण फिरवितो तेव्हा त्याच्यापुढे कोणती दर्शिका असते? नजर पाखरांच्या थव्यावर, हात नजरेच्या मागोमाग. अशा माणसाचा 'हात बसला आहे' असे आपण म्हणतो. अहिराणीत 'देखणे' हा धातू नित्याच्या वापरात आहे. 'पक्ष्याकडे देख, नळीकडे नको' एवढे एक वाक्य खानदेशातील नवशिक्याला पानभर सूचनांहून अधिक उपयोगी पडेल.

४. बेतणी

डोळा हीच मागची दर्शिका असेल, तर ती दर वेळी त्याच जागी आली पाहिजे. ती जागा ठरविणारा भाग म्हणजे दस्ता. खांदा, गाल व हात यांच्या ठेवणीशी दस्ता जुळला नाही, तर उत्तम कारागिराची बंदूकही वाकडी मारते. डोळ्यापासून माशीपर्यंतचे अंतर सुमारे ९० सेंटिमीटर धरले आणि चकती ३६ मीटरवर आहे असे मानले, तर प्रमाण १ : ४० पडते. म्हणजे गाल योग्य जागेहून ३ मिलिमीटर वर टेकला, तर छऱ्यांचा पुंजका १२ सेंटिमीटर वर जातो. चकती स्वतः ११ सेंटिमीटरची आहे.

दस्त्याची मापे मुख्यतः चार आहेत.

पहिले 'लांबी' : चापाच्या मध्यापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंत. जुन्या इंग्रजी बंदुकांत ती साधारणतः साडेचौदा इंच, म्हणजे सुमारे ३७ सेंटिमीटर आढळते. बंदूक खांद्याला लावल्यावर नाक व पकडीच्या हाताचा अंगठा यांत दोन-तीन बोटांचे अंतर राहिले, तर लांबी ठीक समजावी. लांब दस्ता काखेत अडकतो; आखूड दस्ता अंगठ्याने नाकावर प्रहार करतो.

दुसरे 'उतार' : नळीवरच्या पट्टीची रेषा सरळ मागे नेली, तर दस्त्याची वरची कड तिच्याहून किती खाली आहे ते. जिच्यावर गाल टेकतो त्या भागाला 'गालकड' म्हणावे. शिकारीच्या जुन्या दुनळीत गालकड दीड इंच व टाच दोन इंच किंवा थोडी अधिक खाली असते. ट्रॅपची चकती नेहमी वर चढत जाते. म्हणून त्या खेळात गालकड थोडी उंच ठेवतात. डोळा उंच आला की छरा किंचित वर जातो व चढती चकती नळीने झाकावी लागत नाही.

तिसरे 'कल' : दस्ता बाजूला किती झुकला आहे ते. उजव्या खांद्याने मारणाऱ्यासाठी तो उजवीकडे सुमारे पाव इंच कललेला असतो, त्यामुळे मान न वाकविता डोळा नळीच्या मध्यावर येतो.

चौथे 'टेकण' : दस्त्याचे मागचे तोंड खांद्याला कोणत्या कोनात टेकते ते. हा कोन चुकला तर धक्क्यासरशी दस्ता खांद्यावरून वर किंवा खाली घसरतो.

परीक्षा घरच्या घरी करता येते. बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करावी. काडतुसे त्या खोलीतच नसावीत. मग आरशासमोर डोळे मिटून बंदूक खांद्याला लावावी व डोळे उघडावेत. आरशातला डोळा नळीच्या बरोबर मध्यावर, माशीच्या किंचित वर दिसला तर दस्ता बसला. मैदानावरची परीक्षा याहून नेमकी असते. १६ यार्डांवर मोठा कागद लावून, त्यावरील खुणेकडे पाहत, न रेंगाळता काही बार काढावेत. पुंजक्याचा मध्य खुणेपासून १ इंच दूर असेल, तर दस्त्यात एक-सोळांश इंचाचा फेर हवा. १६ यार्ड म्हणजे ५७६ इंच, आणि डोळा ते माशी सुमारे ३६ इंच. प्रमाण १ : १६ पडते, म्हणून हा हिशेब इतका सोयीचा.

फेर करणे हे परवानाधारक कारागिराचे काम आहे. लांबी वाढविण्यासाठी लाकडाचा तुकडा वा रबराची गादी जोडतात, गालकड उंचावण्यासाठी चामड्याची पट्टी बांधतात, आणि कल बदलण्यासाठी अक्रोडाच्या दस्त्याची मान गरम तेलाने मऊ करून वाकवितात. शेवटी जवसाच्या तेलाचे हात देतात.

५. जुन्या नळीची चौकशी

बेतणीच्या आधी एक गोष्ट पाहणे अत्यावश्यक आहे. 'बारा बोर' म्हणजे नळीत नेमकी बसणारी शिशाची गोळी एका पौंडात १२ होतात असे माप. व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर. पण बोर तोच असला तरी काडतुसाचे घर सारखे नसते. पुष्कळ जुन्या बंदुकांचे घर अडीच इंचांचे, म्हणजे ६५ मिलिमीटरचे आहे, आणि आजची बहुतेक काडतुसे ७० मिलिमीटरची. लांब काडतूस आखूड घरात शिरते, परंतु उडताना त्याचे तोंड पुरते उघडत नाही व दाब वाढतो. पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या, अंगावर लहरी दिसणाऱ्या जुन्या नळ्यांपैकी अनेक फक्त काळ्या दारूसाठी तपासलेल्या असतात. लंडन, बर्मिंगहॅम किंवा लिएज येथील तपासणीचे शिक्के नळीच्या बुडाशी असतात. ते जाणकाराकडून वाचून घेतल्यावाचून एकही बार काढू नये.

६. शब्दांचा प्रश्न

मराठीतील शस्त्रांचे शब्द अनेक वाटांनी आले. 'बंदूक' अरबी 'बुंदुक' वरून. मूळ अर्थ एका फळाची गोल बी, पुढे गोळी. 'तोफ' तुर्की, 'दारू' व 'दस्ता' फारसी, 'पिस्तूल' व 'काडतूस' पोर्तुगीज. शिवकालीन 'राज्यव्यवहारकोशा'त खास शस्त्रवर्ग रचून संस्कृत पर्याय योजले गेले, तरी लोकांनी तोफेला तोफच म्हटले. नळीमागचा हातोडा मात्र आपण आपल्या दृष्टीने पाहिला. इंग्रजांना व जर्मनांना त्यात कोंबडा दिसला, फ्रेंचांना कुत्रा, आणि आपल्याला 'घोडा'.

दस्त्याच्या मापांना मात्र आपल्याकडे रूढ नावे नाहीत. कारण उघड आहे. येथे येणारी बंदूक तयार येई. ती माणसाच्या मापाने बेतावी हा विचार कारागिराच्या दुकानात रुजला नाही, म्हणून शब्दही रुजले नाहीत. वर योजलेले उतार, कल, टाच, गालकड, टेकण हे शब्द मुद्दाम सुताराच्या व शरीराच्या बोलीतून घेतले आहेत. संस्कृत परिभाषा घडविण्यापेक्षा शिंप्याचे 'बेतणे' उसने घेणे बरे, कारण काम तेच आहे. 'चाप' या शब्दाकडेही पाहावे. संस्कृतात चाप म्हणजे धनुष्य. पण बंदुकीच्या चापाचे नाते 'चापणे' आणि 'चापूनचोपून बसविणे' यांच्याशी अधिक जवळचे दिसते.

आणि सर्वांत उपयोगी शब्द 'बसणे' हाच. कपडा अंगाला बसतो, सरावाने हात बसतो, आणि गोळी लक्ष्याला बसते. मराठीने या तीन अर्थांना एकच धातू दिला आहे, आणि छऱ्याच्या बंदुकीत त्या तीन गोष्टी याच क्रमाने घडतात. दस्ता अंगाला बसल्यावाचून हात बसत नाही. हात बसल्यावाचून छरा बसत नाही. जो पहिली पायरी टाळून तिसरीवर उडी घेतो, तो काडतुसे संपवितो, खांदा दुखवून घेतो आणि आजोबांच्या बंदुकीला दोष देतो. जो क्रम पाळतो त्याच्या हाती ती जुनी बंदूक हलकी होते. नळीकडे लक्ष जात नाही, चकती तेवढी दिसते, आणि हवेत काळ्या भुकटीचा एक लहानसा ढग उरतो. या खेळाचा आनंद एवढ्यात सामावलेला आहे.